मले मालूम नव्हतं

"तीनच शब्द बोलजा, 'मले मालूम नव्हतं.' चौथा शब्द बोलजा नोको," शामकलाबाईंनी नवऱ्याला, दुलीचंदला, बजावलं.

प्रकरण साधं होतं. भुईटोल्याच्या सुखरामने बाजाराच्या दिवशी सामसूम पाहून सेंदूरटोलीच्या बोडीची पार, म्हणजे तळ्याचा बांध, फोडली आणि तळ्याचं पाणी आपल्या गावाच्या धानात वळवलं. त्यासाठी वापरलेली सब्बल, लोखंडी पहार, मात्र करवंदटोल्याची, तीही खुद्द मुखियाच्या, दुलीचंदच्या घरची. आपल्या दारातून शेजारगाव रिकाम्या हाताने जात नाही, याचा दुलीचंदला कोण अभिमान! आता सेंदूरटोली म्हणत होती, हत्यार देणारंही दोषी. करवंदटोल्याची पाटाच्या पाण्याची पाळी आम्हाला द्या. इकडे करवंदटोल्याचा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, अर्धा उरला होता आणि लावायचे परे, धानाची रोपं, पिवळे पडत चालले होते.

पंचायत बसली. पंच केशोरावांनी विचारलं, "मुखियाजी, सुखराम सब्बल कायले मांगून राहिला, तुमाले मालूम होतं?"

"मले मालूम नव्हतं."

"मंग तुमच्या गावाचा दोष नाही. मालूम असून देल्ली असती, त दोष होता."

झालं, सुटला की गडी! पण केशोराव भले गृहस्थ. त्यांनी हळहळून पुढे जोडलं, "सुखरामनं भोळ्या माणसाले फसवलं."

दुलीचंदचे कान तापले. "कोणाले फसवलं?"

"तुमाले."

"मले? हा? याले खुंटा सरळ गाडता येत नाही, हा मले फसवन? अजी, हा पार वरतून खोदतो म्हणे! म्याच सांगतलं, वरतून खोदशीन त साल जाईन. जांभळीखाली सब्बल घाल, तिथं माती भुसभुशीत आहे!"

सुखरामने लगेच हात जोडले. "खरं आहे जी. मुखियाजी नसते, त आमच्यानं पार फुटलीच नसती."

दुलीचंदने ऐटीत सभेवर नजर फिरवली. केशोरावांनी कपाळाला हात लावला आणि निकाल सांगितला: पार भुईटोल्याने बांधायची, पाण्याची पाळी करवंदटोल्याने द्यायची.

दुसऱ्या दिवशी करवंदटोल्याचं पाणी पाटातून भरभरून सेंदूरटोलीकडे निघालं. काठावर दुलीचंद कमरेवर हात ठेवून उभा होता.

"पाहून राहिली? आपल्या गावाचं पाणी! कसं तोऱ्यात जाऊन राहिलं!"

"पाहून राहिली जी," शामकलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या हातात बादली दिली. "विहीर तिकडं आहे."