विभूतीच्या डबीतलं कार्ड

“लेकरू दाराच्या आत आलं, हे कळल्याबिगर घास उचलू नको, शिवकांता.”

आईचा, नागुबाईचा, हा शब्द. भूकंपाच्या रात्री थोरला लेक शेतात निजलाय असं समजून नागुबाई जेवली, ओसरीवर झोपली. लेक मात्र उशिरा येऊन आतल्या खोलीत निजला होता. आतली खोली पडली, ओसरी वाचली. पुढं जन्मभर तिनं लेकीला एवढंच बजावलं.

शिरूर अनंतपाळला संसार करताना शिवकांतानं ते व्रतासारखं पाळलं. लेक आरती क्लाससाठी लातूरच्या होस्टेलवर गेली तेव्हा पंचाईत झाली. तिथं पोरींना मोबाइलची बंदी, पण गळ्यात कार्ड होतं. संध्याकाळी पोरगी गेटवरच्या यंत्राजवळून आत गेली की घरी मेसेज यायचा, ‘आपला पाल्य आत आला आहे.’ शिवकांता मोबाइल देव्हाऱ्यात ठेवायची. मेसेज आला की तो कपाळाला लावायची, मग ताट वाढून घ्यायची.

“देवाला फूल तरी लागतं,” नवरा शेषेराव म्हणायचा, “ह्याला निस्तं चार्जर.”

दिवाळीला आरती घरी आली, तेव्हा शिवकांतानं त्या कार्डालाच विभूती लावली, पितळी डबीत घालून डबी तिच्या गळ्यात अडकवली. “हे काढायचं न्हाई. तुला राखंल.”

आरती लातूरला परतली आणि मेसेज थांबले.

शिवकांता उपाशी निजली. शेषेरावानं होस्टेलला फोन लावला.

“कंप्युटरवर मुलगी गैरहजर दाखवायलंय,” तिकडून रेक्टर म्हणाले.

“अवं, पण खोलीत बघा की!”

“कंप्युटरमधी न्हाई म्हंजी खोलीत कशी असंल?”

दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारच्या बिलकीसभाभींनी आणलेला शिरा झाकलेलाच राहिला. पोरगी पळाली, अशी कुजबुज किराणा दुकानापर्यंत पोचली. तिसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं दोघं लातूरला गेली.

आरती मेसमध्ये पोहे खात होती.

रेक्टर मन्मथ सरांनी आधी तिच्याकडं, मग रजिस्टरकडं पाहिलं. “ही तर गैरहजर हाय!”

“मी रोज ये-जा करते, सर. गर्दीत यंत्र वाजलं का न्हाई, कोण बघतंय?” आरतीनं डबी उघडली. “कार्डात सेल नसतो, आई. यंत्राच्या लहरी लागल्या की आतली चिप जागी होते, आपला नंबर सांगते. पितळंत लहरी शिरतच न्हाईत.”

शिवकांताचं तोंड उतरलं. मग तिला शंका आली. “तुला हे आधीच ठाव होतं?”

“हाव. फिजिक्समधी हाय.”

“मंग काढलं का न्हाईस?”

आरती पोह्यातले शेंगदाणे बाजूला करत राहिली. “मेसेज आला की तू जेवतीस. न्हाई आला, तर तू येतीस.”

शेषेराव खिडकीबाहेर बघू लागला. शिवकांतानं कार्ड पुसून लेकीच्या गळ्यात घातलं. “सोमवारी येते,” ती हळूच म्हणाली. डबी तिनं पिशवीत टाकली.

सोमवार आला. संध्याकाळी देव्हाऱ्यात मोबाइल वाजला.

“आत आला म्हनं तुझा पाल्य,” शेषेराव हाक मारत म्हणाला. “उपास सोड आता.”

चुलीजवळ ताट पालथं होतं. दोन माणसांचा डबा पदराखाली धरून शिवकांता लातूरच्या बसकडं निघाली होती.