रशीदभाईंची आरपार काच

चूक रशीदभाईंची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्यांच्या घरात कुठलीही चूक पहिल्यांदा रिजवानच्या नावावर चढते आणि मग ती कुणाची याचा तपास सुरू होतो (बहुतेक वेळा होतच नाही). दूध उतू गेलं, रिजवान. नळाला पाणी नाही, रिजवान. मोटरसायकल किकला दाद देत नाही, तर तेही पोरानं इंजिनिअरिंग सोडलं म्हणून. या खेपेला मात्र काच पुसून लख्ख करण्याचा हुकूम बापाचा होता. त्याला साक्षीदार आहेत. एक रोशनबी अम्मी, आणि दुसरा घरात येणारा बोका.

रशीदभाईंचं उद्यमनगरात काच-ॲल्युमिनियमचं दुकान. अर्ध्या कोल्हापूरच्या खिडक्या आपण बसवल्या असं ते सांगतात. उरलेल्या अर्ध्या कोल्हापुरात पाऊस आत येतो, असंही सांगतात. जन्मभर दुसऱ्यांच्या घरांना काचा बसवल्या, स्वतःच्या डोळ्यांना बसवायची राहिली. त्यांना चष्मा लागलाय हे घरात सगळ्यांना दिसतं, फक्त त्यांना दिसत नाही. (चष्मा नसल्यामुळे दिसत नसेल.)

रिजवान त्यांचा थोरला. दुसऱ्या वर्षाला त्यानं इंजिनिअरिंग सोडलं, कारण कॉम्प्युटर शिकवणारे सर पिवळ्या पडलेल्या नोट्स बघून फळ्यावर कॉम्प्युटर काढायचे. माउसची शेपूट उजवीकडे काढली म्हणून याचा एक मार्क कापला, त्या दिवशी हा दप्तर उचलून घरी आला. खानदानात यावर सभा झाली. ज्यांना स्वतःचा मोबाईल सायलेंटवरनं काढता येत नाही अशा सगळ्या वडीलधाऱ्यांनी कॉम्प्युटर क्षेत्रातल्या भवितव्यावर त्याला मार्गदर्शन केलं.

घरी बसून त्यानं एक प्रोग्राम लिहिला. खिडक्यांची उंची-रुंदी टाकायची; मोठ्या काचेतनं तुकडे कसे कापले म्हणजे वाया कमी जातील, ते प्रोग्राम चित्र काढून दाखवतो. नाव ठेवलं 'कापणी'. चीज होती ती, खोटं सांगत नाही. पण रशीदभाईंनी एकदा लांबून बघितलं आणि म्हणाले, "ह्ये तर माझं डोस्कं फुकटात करतंय की."

तेव्हा रिजवाननं ठरवलं, बापाला काच कळते ना? मग काचच दाखवू.

कॉम्प्युटरवर प्रोग्रामची जी चौकट उघडते, तिला त्यानं काचेचं रूप द्यायला घेतलं. म्हणजे चौकटीच्या मागं जे काही उघडं असेल ते धूसर होऊन अंधुकसं झिरपावं, आणि पुढं अक्षरं मात्र टवटवीत. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी चौकट पारदर्शक झाली, सोबत अक्षरंही झाली. बटणं कुठं आहेत हे अंदाजानं चाचपावं लागे. मग चौकट काळीठिक्कर पडली. मग ती सरकवली की मागं तिचीच भुतं उमटायला लागली, एकामागं एक, लग्नाच्या वरातीसारखी. हा पठ्ठ्या जेवणाच्या ताटावरनं उठून जायचा, कोड बदलायचा, हात वाळलेला तसाच परत बसायचा.

आणि एका दुपारी जमलं. चौकटीमागं कॅमेऱ्यांचं चित्र चालू होतं (त्या कॉम्प्युटरवर ते कायमच चालू असतं, दुकानाचं कुलूप रशीदभाईंना घरी बसून बघायचं असतं, आणि साय खाणारा बोका अम्मीला रंगेहाथ पकडायचा असतो, म्हणून एक कॅमेरा स्वयंपाकघरातही आहे). ते सगळं चित्र काचेमागं विरघळून गेलं. अम्मीची हिरवी साडी नुसता हिरवा धूर होऊन सरकत होती. कडेला केसासारखी पांढरी रेघ, खाली हलकी सावली. चौकट हलवली की आतला रंग तिच्यासोबत वाहायचा. रिजवान खुर्ची मागं सरकवून बघत बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, हे आपण केलंय. कुणी शिकवलं नाही, कुणी मार्क दिला नाही, आणि हे आपण केलंय!

त्यानं अब्बांना बोलावलं. रशीदभाई स्क्रीनला नाक लावून उभे राहिले.

"काय हाय ह्ये?"

"काच हाय, अब्बा."

"ही काच?" रशीदभाईंच्या आवाजात चाळीस वर्षांचा धंदा उतरला. "अरं, ही संडासाच्या खिडकीला लावत्यात."

"तसा इफेक्टच हाय त्यो. मागचं साफ दिसलं तर फुडची अक्षरं वाचता येत न्हाईत."

"लोकं काय खिडकी वाचायला घेत्यात व्हय रं?" त्यांनी टेबलावरचा पेपर उचलून रिजवानच्या तोंडापुढं धरला. "माझ्या दुकानात काच कशी बघतो आम्ही? मागं पेपर धरायचा. बातमी वाचता आली तर काच, न्हाय तर पत्रा. पूस ती."

"कॉम्प्युटरची काच पुसत न्हाईत, अब्बा."

"मग आयतवारी पावण्यांफुडं आणूच नगंस."

इथं खरी गोम होती. रविवारी हातकणंगल्याहून खिजरसाहेब येणार होते, रिजवानच्या बहिणीला, अरीबाला, आपल्या मुलासाठी बघायला. खिजरसाहेबांचीही काचेची दुकानं, आणि रशीदभाईंच्या दुप्पट मोठी. बापलेकात करार ठरला होता. पावण्यांनी 'कापणी' आपल्या दुकानांसाठी पसंत केली, तर रिजवाननं खुशाल कॉम्प्युटर घेऊन बसावं, कुणी चकार शब्द काढणार नाही. नाही केली, तर सोमवारी सकाळी काच कापायची हिऱ्याची कलम हातात घेऊन दुकानात.

रिजवाननं दात खाल्ले आणि धूसरपणा शून्यावर आणला. सगळी मेहनत त्या धुरात होती, ती एका आकड्यानं उडाली. रशीदभाईंनी त्याला मागची बातमी वाचायला लावावी तसं कॅमेऱ्यातल्या दुकानाच्या कुलपाचं वर्णन करायला लावलं, आणि खूश होऊन म्हणाले, "आता कशी झाली! बापाचं ऐकलं की हुतंय की न्हाय?"

रविवार उजाडला. अम्मीनं सकाळीच बोक्याचा माग काढायला कॉम्प्युटरवर स्वयंपाकघराचा चौकोन दाबून मोठा केला आणि तसाच सोडून गेली. वर 'कापणी'ची चौकट पसरलेली. पावणे आले तेव्हा रशीदभाईंनी कॉम्प्युटरची वायर मोठ्या टीव्हीला जोडायला लावली. "लहान पडद्यावर काचेचा रुबाब कळत न्हाय," म्हणाले.

खिजरसाहेब भरदार, मोठ्या आवाजाचे. त्यांच्या पत्नी अफसानाबी मात्र कमी बोलणाऱ्या, जास्त बघणाऱ्या. घरात शिरताच त्यांनी शोकेसच्या काचेवरनं एक बोट हळूच फिरवलं, बोट उजेडात धरून तपासलं, आणि मग सोफ्यावर बसल्या. नवरदेव खाली मान घालून बसला होता, लाजून का मोबाईलमुळं ते कळायला मार्ग नव्हता.

अरीबा चहा देऊन गेली. अम्मी अभिमानानं म्हणाली, "जेवाण सगळं पोरीनंच केलंय. पांढरा रस्सा, तांबडा, समदं. मी मीठसुदीक घातलं न्हाय." एवढं बोलून तीही आत गेली.

"पावणं, आता आमच्या पोराचं काम बघा," रशीदभाई म्हणाले आणि टीव्हीकडं पाठ करून, पावण्यांचे चेहरे बघत उभे राहिले.

रिजवाननं माउस हलवला. टीव्हीभर 'कापणी' उघडली. उंची, रुंदी, तुकडे, वाया. आणि त्या सगळ्या आकड्यांच्या मागं, लख्ख, आरपार, बातमी वाचता येईल इतकं स्वच्छ, त्यांचं स्वयंपाकघर.

'उंची' आणि 'रुंदी' यांच्या मधोमध अम्मी उभी होती. तिच्या हातात हॉटेलचा पार्सलचा डबा होता. त्यातला पांढरा रस्सा ती घरच्या पातेल्यात ओतत होती. मोठ्या प्रेमानं, थेंब न सांडता.



"आकडं ऱ्हाऊ देत," खिजरसाहेब पुढं वाकले. "ह्यात बाई कोण हाय?"

"नमुना... नमुना हाय," रिजवान म्हणाला आणि घाईत 'कापणी' खाली मिटवली. नेमकं हेच करायला नको होतं. पुढची काच गेली आणि मागचं स्वयंपाकघर आकड्यांच्या अडथळ्याशिवाय भिंतीएवढं झालं. त्यानं चौकट परत वर आणली आणि धूसरपणाची पट्टी शोधायला लागला. स्वयंपाकघर जरासं पुसट व्हायला लागलं, तोच रशीदभाईंनी मान वळवली. चष्म्याशिवाय त्यांना एवढंच कळलं की काच मळतेय.

"ए! धुरकट करतोस व्हय रं?" त्यांनी पोराच्या हातावर चापट मारली. "ऱ्हाऊ दे साफ! पावण्यास्नी आरपार दिसू दे!"

आणि पावण्यांना आरपार दिसलं. 'वाया' या शब्दाखाली अरीबा आली. तिनं ओढणी डोक्यावर ओढली, कमरेवर हात ठेवला, गाल फुगवले, आणि फ्रिजच्या दारावरनं एक बोट अगदी हळू फिरवलं. ते बोट तिनं ट्यूबलाइटच्या उजेडात धरलं. डोळे बारीक केले. मग हळूच, नापसंतीनं, मान हलवली. अम्मी पातेलं धरून खदखदा हसत होती. आवाज येत नव्हता, तेवढीच अल्लाची मेहेरबानी.

इकडं हॉलमध्ये नवरदेवानं मान वर केली होती.

"बघा!" रशीदभाई छाती काढून म्हणाले. "कशी हाय काच?"

अफसानाबी टीव्हीवरनं नजर न काढता म्हणाल्या, "मी आसं करते व्हय?"

प्रश्न नवऱ्याला होता. खिजरसाहेबांनी ओठ दाबले, नाक दाबलं, पण हसू त्यांच्या पोटातनं निघालं आणि सोफा हलायला लागला. "हुबेहूब! लग्न झाल्यापासनं बघतोय, हुबेहूब ह्येच!"

अफसानाबी उठल्या आणि आत गेल्या. रिजवानला वाटलं, संपलं. बहिणीचं लग्न मोडलं, आपली कलम सोमवारी पक्की, आणि दोन्ही गोष्टी आपल्याच नावावर चढणार.

टीव्हीवर अफसानाबी स्वयंपाकघरात शिरताना दिसल्या. अरीबा बोट हवेत धरूनच थिजली. अम्मीनं डबा पाठीमागं लपवला (कॅमेरा नेमका पाठीमागं होता). अफसानाबींनी अरीबाचं मनगट धरलं.  मग त्यांनी तिचं बोट सरळ केलं, कोपर थोडा वर उचलला, आणि स्वतः फ्रिजवरनं बोट फिरवून दाखवलं. असं नाही, असं. अरीबानं परत करून दाखवलं. अफसानाबींनी मान डोलावली. मग अम्मीच्या पाठीमागचा डबा ओढून घेऊन, त्यातला उरलेला रस्सा वाटीत ओतून, भुरका मारला. तिघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या. आणि हे सगळं 'तुकडे' आणि 'वाया'च्या मधून, एकदाही न अडखळता, न फाटता, पाण्यासारखं वाहत होतं.

भीती होतीच, तरी रिजवानची मान आपोआप ताठ झाली. काच असावी तर अशी. माणसं त्यातनं जात-येत होती आणि कुणाला ती मधे आहे याची आठवणही नव्हती.

अफसानाबी बाहेर आल्या त्या डोळे पुसतच. "स्वयंपाक येत न्हाय पोरीला," त्या म्हणाल्या, "पण नजर हाय. आमच्या घरात कुणालाच न्हाय. पोरगी आमची."

मुबारकबादी झाली, पेढे फिरले. रशीदभाईंनी खिजरसाहेबांचा हात धरला. "मग? सॉफ्टवेअर?"

"त्यातलं मला काय बी कळलं न्हाय," खिजरसाहेब म्हणाले. "आकडं वाचताच आलं न्हाईत. मागं एवढी माणसं नाचत असताना आकडं कोण बघतंय?"

रिजवान अब्बांकडं बघत राहिला. अब्बा छताकडं.

"पर काच!" खिजरसाहेबांनी रिजवानच्या पाठीवर थाप मारली. "एवढी साफ काच मी आमच्या दुकानात बी बघितली न्हाय. पोराचा हात हाय, रशीदभाई. असा हात टेबलामागं कशाला कुजवायचा?"

"मी तर कवापासनं म्हणतोय!" रशीदभाईंचे डोळे भरून आले. पोराचा एवढा अभिमान त्यांना त्याच्या जन्माच्या दिवशीही वाटला नसेल. "काच साफ ठेव म्हटलं मीच. रक्तातच हाय त्याच्या."

"आमच्या नव्या घरात एक काच बसवायची ऱ्हायलीय," खिजरसाहेब म्हणाले. "सोमवारी ह्यालाच धाडा."

"कुठल्या खोलीला?" रशीदभाईंनी विचारलं.

उत्तर अफसानाबींनी दिलं. "न्हाणीघराला. आणि धुरकट पायजे बरं का, पोरा. आरपार अजिबात नगो."

सोमवारी सकाळी रिजवान हातकणंगल्यात स्टुलावर उभा राहून न्हाणीघराच्या खिडकीला धूसर काच बसवत होता. अक्षरं नव्हती, बटणं नव्हती, पण मागचं सगळं अगदी हवं तसं विरघळलं होतं.

अरीबाचं लग्न ठरलं. रशीदभाई आलेल्या-गेलेल्याला काचेचा किस्सा स्वतःच्या नावावर सांगतात. त्या काचेपायी रिजवानच्या पदरात एवढंच पडलं: कॉम्प्युटर बिलं करायला दुकानात गेला, आणि त्याच्या मागनं, हातात कलम घेऊन, रिजवान.