खाडीवर संतापलेले सुर्वेकाका

आमच्या इमारतीतले सुर्वेकाका दूधवाल्याकडे उशिराचा लेखी खुलासा मागतात. दूध सहाला यायला हवं. सहा वाजून सात मिनिटांनी आलं, तर काका पातेल्याआधी वही पुढे करतात. दूधवाला बिचारा 'म्हैस' एवढंच लिहून सही करतो.

काका महाडच्या बसडेपोत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नियंत्रण काही सुटलं नाही. सत्यनारायणाला उशीर झाला म्हणून ते भटजींना बोलले आहेत. एका लग्नात मुहूर्त टळला, तेव्हा अक्षता खिशात घालून सरळ घरी निघून आले. मी एकदा पाण्याचा पंप दहा मिनिटं उशिरा बंद केला, तर दुसऱ्या दिवशी जिन्यात माझ्या नावाची नोटीस. मी शाळेत शिक्षिका आहे, उशिरा येणाऱ्या मुलांना ओरडण्यात माझी हयात गेली. त्या नोटिशीने मी इतकी संतापले, की ती फाडून त्यांच्याच दारात टाकली. त्यांनी तुकडे चिकटपट्टीने जोडून ती पुन्हा लावली.

गेल्या हिवाळ्यात माझा भाऊ आणि वहिनी पुण्याहून आले होते. दासगावहून बोटीने सावित्रीच्या खाडीतून बाणकोटला जायचं, किल्ला बघायचा, असा बेत ठरला. पूर्वी मालाची गलबतं याच पाण्यातून महाडकडे यायची, हे भावाने कुठेतरी वाचलं होतं. काकांना हे जिन्यात कळलं. त्यांनी येऊ का विचारलं नाही, येतोय म्हणून सांगितलं. "तुमच्यावर सोडलं तर बाणकोटला पोचेपर्यंत दिवे लागतील."

सातला सुटायचं होतं. सातला खाडीत पुरेसं पाणीच नव्हतं. बोट चिखलात कलंडून पडली होती आणि नथू बोटवाला शेजारी निवांत बिडी ओढत होता. काकांनी मनगटावरचं घड्याळ त्याच्या नाकासमोर धरलं.

"पानी येल तवा सुटू," नथू म्हणाला. "माज्या हातात काय हाय?"

तासभर काका धक्क्यावर येरझारा घालत होते. रजेचा अर्ज न देता गैरहजर राहिलेल्या कंडक्टरकडे बघावं, तसे ते खाडीकडे बघत होते. शेवटी पाणी चढलं, बोट हलली, तरी त्यांचा राग उतरेना. वहिनीने पुऱ्यांचा डबा उघडला, तर पोचल्यावर खा म्हणाले. भावाला फोटोसाठी जरा थांबायचं होतं, तर इथे थांबा नाही म्हणाले. वहिनीचे डोळे भरून आले. महाडला परतल्यावर या माणसाशी जन्मात बोलायचं नाही, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

आंबेतचा पूल मागे पडला आणि थोड्या वेळाने बोट वाळूत रुतली. नथू बांबूने रेटून दमला. काका आधी त्याच्यावर मनसोक्त खेकसले. मग उभे राहिले, दोन्ही काठांकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, त्या काळ्या कातळाच्या बाजूला ढकल, तिथे खोल आहे. नथूला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचत नव्हतं. त्याने आणि भावाने मिळून बोट तिकडे रेटली, आणि ती खरंच सुटली. तुमाला कसं ठावं, असं नथूने विचारलं. काकांनी तोंड फिरवलं.

बाणकोटच्या धक्क्यावर एक म्हातारा जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याने काकांकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"सारंगाचा गजा ना रे तू?"

त्या म्हाताऱ्याचं नाव हसनचाचा. त्यांनी सांगितलं तेव्हा मला कळलं, की काकांचे वडील या खाडीतल्या प्रवासी लाँचचे सारंग होते, म्हणजे लाँच तेच चालवायचे. हसनचाचा त्यांच्या हाताखाली दोर बांधायचे. गजा डेपोत लागला आणि काही वर्षांनी त्यानेच काठच्या रस्त्याने जाणाऱ्या नव्या गाडीची वेळ आखली. लाँच भरतीची वाट बघत राहायची, गाडी वेळेवर सुटायची. दोन वर्षांत लाँचला उतारू उरले नाहीत आणि ती बंद पडली. त्यानंतर बाप मुलाशी बोलला नाही. मुलगाही हट्टी. आईला भेटायचं तर तिला महाडला बोलावून घ्यायचा. बाप गेला तेव्हा अग्नी द्यायला आला आणि त्याच दिवशी परत गेला, तो पुन्हा बाणकोटला फिरकला नाही.

 कोणाला कसल्या कहाण्या सांगतोस, म्हणून काका चाचांवर खेकसले. चाचांनी जाळ्यातून मान वर केली नाही.

"लाँच बंद झाल्यावर पन तुजा बाप रोज हितं यायचा. म्हाप्रळकडनं गाडी येताना दिसली, की 'पोराची गाडी आली' म्हनायचा. मगच घरी जाऊन पेज घ्यायचा. गाडीला उशीर झाला तर त्याचा जीव वरखाली. सायेब पोराला बोलल, म्हनायचा."

काकांचा चेहरा लालबुंद झाला. "आणि हे मला तू आत्ता सांगतोस?" ते इतक्या मोठ्याने ओरडले, की नथू बोटीतून बाहेर आला. "इतकी वर्षं झोपला होतास?"

"तू आलास कवा?" चाचा म्हणाले.

 काका तसेच धक्क्याच्या पायरीवर बसले. भाऊ त्यांच्याजवळ जायला निघाला, तर मी त्याला थांबवलं. तिघंच किल्ला बघून आलो. किल्ल्यात काय पाहिलं, ते आज मला धड आठवत नाही.

उतरून आलो तेव्हा काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला होता. जाळ्याचं एक टोक चाचांच्या मांडीवर होतं, दुसरं काकांनी दोन्ही हातांनी ताणून धरलं होतं. सैल सोडू नको, नीट धर, एवढंपण येत नाय तुला, असं चाचा त्यांना सारखं रागावत होते. काका खाली मान घालून ऐकून घेत होते.