लोकूमल मिस्त्रींची बारीक नळी

गाडी घेऊन आलेल्या माणसाला लोकूमल मिस्त्री पहिलं विचारत, "साईं, तू थांबतो कुठे कुठे?"

गाडीला काय झालंय, ते नंतर. मागे कोण बसतं, त्याचं वजन किती, चहाला उतरता का, रेल्वेच्या फाटकाशी किती वेळ उभे राहता, अशी उलटतपासणी झाली की मगच इंजिनाचा धूर बाहेर नेणारी नळी किती जाडीची बसवायची ते ठरे. मी तेव्हा उल्हासनगरच्या छावणीत निर्वासितांच्या हक्कांसाठी पत्रकं लिहीत आणि वाटत हिंडायचो. नसत्या चौकशा करणाऱ्या कचेऱ्यांना मी छापून झोडपलेलं. मिस्त्रींनीही तेच आरंभलेलं पाहून मी भडकलो.

"मिस्त्री, मला वेग हवाय. जाड नळी बसवा."

"तुझ्या आईची फुंकणी मनगटाएवढी आहे काय?"

"आईचा काय संबंध?"

"जाड फुंकणीने चूल पेटते? धूर पळाला पाहिजे बाबा, लोळला नाही पाहिजे. नाशिकपर्यंत न थांबता जाणार असशील तर ये, जाड लावतो. तू तर दर बराकीला ब्रेक मारतो."

त्यांच्या कमरेला लाकडी गुट्ट्यांचा जुडगा लटकलेला असे, प्रत्येक गुट्टा वेगळ्या जाडीचा. कुठलीही नळी दिसली की माप घ्यायला गुट्टा आत. अंबरनाथला एका लग्नात त्यांनी चक्क सनईत गुट्टा घालून पाहिला. सनईवाला मारायला उठला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "नळी बरोबर आहे. फुंकणारा कच्चा आहे."

माझी मोटारसायकल लष्कराच्या मोडीतली. मिस्त्रींनी तिला अंगठ्याएवढी बारीक नळी बसवली होती. पण बदलापूरच्या रस्त्यावर एका कारखान्याच्या साहेबाचा मुलगा मला मागे टाकून, वर हात हलवून गेला. निर्वासितांच्या कार्यकर्त्याला साहेबाच्या पोराने हात हलवावा? मी त्याच आठवड्यात बदलापूरच्या एका लोहाराकडून ट्रकची जाड नळी कापून बसवून घेतली. आवाज असा, की बराकीतली माणसं पत्रकाआधीच बाहेर येत. मला वाटलं, क्रांती झाली.

मग तो शनिवार आला. बराकीत एकेकटे राहणाऱ्यांनी खोल्या सोडाव्या आणि मोठ्या हॉलमध्ये पथारी टाकावी, असा हुकूम निघाला होता. हरकतीचे अर्ज चार वाजेपर्यंत कल्याणच्या कचेरीत पोचवायचे. चाळीस माणसं, चाळीस ठिकाणं, प्रत्येकाची सही नाहीतर अंगठा. एक अर्ज राहिला की एक खोली गेली.

माझी गाडी चार बराकी चालली. दर वेळी थांबून पुन्हा निघताना ती गचके देई, खोके, बसे. पाचव्या बराकीपाशी चढावर तिने मान टाकली. अकरा वाजले होते. मी घामाघूम होऊन ढकलत मिस्त्रींच्या पत्र्याखाली पोचलो.

त्यांनी नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वा! हत्तीची सोंड बकरीला!"

"मिस्त्री, नंतर शिव्या द्या."

"आत्ता देतो. हातांना काम आहे, तोंड रिकामं आहे."

आणि दिल्या. सिंधीत, हिंदीत आणि माझ्या भल्यासाठी मराठीत. तापलेल्या बोल्टांवर ओलं गोणपाट धरून त्यांनी सोंड उतरवली. जुनी बारीक नळी लोहाराकडेच राहिलेली. पण मिस्त्रींनी आढ्यावरून एक नळी काढली, वाकवून, घासून, माझ्याच गाडीच्या मापाची.

"ही कधी केलीत?"

"तू लोहाराकडे गेला तेव्हा. तू परत येणार, मला माहीत. शिकलेला माणूस आहे, उशिरा समजतो."

अर्ध्या तासात गाडी रस्त्यावर. आवाज शिलाईच्या मशीनसारखा, पण सोडला क्लच की निघाली. पस्तीस ठिकाणी थांबलो, पस्तीस ठिकाणांहून एका लाथेत निघालो. अनेक सभांत अनेकांचे आभार मानलेत मी, बरेचसे उपचार म्हणून. हे तसे नाहीत.

शेवटचा अर्ज मिस्त्रींचाच होता. तेही एकटेच राहत. तीन वाजता त्यांच्या दाराशी गाडी उभी करून मी भराभर लिहायला लागलो.

"खोलीत माणसं किती?" मी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

"दोन."

मी वर पाहिलं. आत एकच खाट, एकच थाळी.

"भाऊ आहे," मिस्त्री म्हणाले. "कराचीच्या बंदरावर गर्दीत हात सुटला. येईल. मी हॉलमध्ये गेलो तर तो कुठलं दार वाजवेल?"

खोट्या नोंदींविरुद्ध मी दोन पत्रकं काढली होती. दुसऱ्याचा मथळा तर मला फार आवडायचा.

"नाव?"

"परसराम." मग सावकाश, एकेक अक्षर मोकळं करून, "पर-स-राम."

"वय?"

"सोळा," ते चटकन म्हणाले. मग थांबले. काळ्या बोटांवर काहीतरी मोजलं. "नाही... एकवीस. आता एकवीस असेल."

मी एकवीस लिहिलं.

कचेरीत पोचलो तेव्हा चाराला दहा मिनिटं कमी होती. कारकून एकेक अर्ज चाळत शेवटच्यावर अडला. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत त्याने विचारलं, "हा दुसरा इसम, परसराम. खरंच राहतो तिथे?"

"राहतो," मी म्हणालो.