आर्डिथबाईंचे गुलाब आणि सोल्वेगचा सापळा

सोल्वेगने दार उघडलं, तर शेजारच्या आर्डिथबाई रुबार्बच्या आंबट देठांच्या आंबटगोड वड्यांचा ट्रे घेऊन उभ्या. तिने आधी ट्रेचा आकार पाहिला. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या आमच्या गावात राग आला की कुणी आवाज चढवत नाही. वड्या करून आणतात. राग जेवढा मोठा, तेवढा ट्रे मोठा.

"घे गं, जास्तीच्या झाल्या," आर्डिथबाई म्हणाल्या. मग हवापाणी झालं, पलीकडच्या व्हर्नाबाईंचा गुडघा झाला. जाता जाता त्यांनी हळूच सांगितलं, "बाकी सगळं छान. फक्त कुणीतरी माझ्या गुलाबांची पानं कुरतडतंय. तुझं ते यंत्र आल्यापासून."

यंत्र म्हणजे सोल्वेगने आपल्या अंगणात उभा केलेला मधमाश्यांचा सापळा. वर निळे पंख, खाली पिवळं नरसाळं, त्याखाली बरणी. सोल्वेगचे कीटकशास्त्राचे प्राध्यापक ओव्हरगार्ड यांना या गावात पानं कापून घरटं करणाऱ्या माश्या आहेत का, ते बघायचं होतं. त्यांचा जुना सापळा लोखंडी गजावर उभा राहायचा. पण सोल्वेगच्या डोक्यात सुधारणेचा किडा. तिने पंख मोठे केले, पावसासाठी छप्पर बसवलं आणि जड गज काढून तीन हलके पोकळ बांबू लावले. एवढं करून आजवर बरणीत पडला होता एक पतंग. शुक्रवारी बरणी रिकामी दिसली, तर उरलेला उन्हाळा तळघरातल्या प्रयोगशाळेत पानांवरचा मावा, म्हणजे ती बारीक कीड, मोजायचा, असं प्राध्यापकांनी बजावलं होतं. उन्हावाचून आणि माश्यांवाचून सोल्वेगला एक दिवस करमत नसे.

ती गुलाब बघायला गेली. पानांना बाटलीच्या बुचाने कापावीत तशी गोल गोल भोकं. म्हणजे माश्या इथेच होत्या!

"काकू, किती सुंदर!" ती बोलून गेली.

महिन्याभरात जिल्ह्याची जत्रा, तिथे गुलाबांची स्पर्धा, आणि दरवर्षी पहिलं बक्षीस व्हर्नाबाईंचं. दुसऱ्या दिवशीचा ट्रे चांगला दीडपट होता.

सोल्वेगने सापळा गुलाबांच्या आणखी जवळ सरकवला. माश्या आल्या, घोंघावल्या आणि बरणीला वळसा घालून खाली कुठेतरी गडप झाल्या. पानांवरची भोकं मात्र वाढली.

शुक्रवारी प्राध्यापक आले. रिकामी बरणी उन्हात धरून त्यांनी घसा खाकरला. तेवढ्यात आर्डिथबाई आल्या, आणि रिकाम्या हातांनी आल्या. असं गावात आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी सापळा दोन्ही हातांनी धरला आणि उपटून आपटला.

एक बांबू उभा चिरला. आतून हिरवे, बोटाच्या पेराएवढे विडे घरंगळले. गुलाबाच्या पानांचे, नीट गुंडाळलेले, प्रत्येकात एक अंडं. प्राध्यापक चक्क गवतात गुडघे टेकून बसले.

"सोल्वेग, तू सापळा नाही, धर्मशाळा बांधलीस," ते म्हणाले. "मावा राहू दे. वरचं सगळं काढून टाक आणि नुसते बांबू लाव."

आर्डिथबाई ते विडे न्याहाळत होत्या. त्यांनी सावकाश विचारलं, "म्हणजे जिथे बांबू, तिथे या माश्या? आणि पानं जवळचीच कापतात?"

"शक्यतो जवळचीच."

"मग माझ्या गुलाबांशेजारी कोंबून कशाला ठेवायचे? व्हर्नाचं कुंपण चांगलं लांबलचक आहे. ऊनही मस्त पडतं तिकडे. शास्त्रासाठी ती नाही म्हणायची नाही."

सोल्वेगला सगळं समजलं. पण डोळ्यांपुढे मावा होता. संध्याकाळपर्यंत व्हर्नाबाईंच्या कुंपणाला ओळीने बांबू लागले, आणि व्हर्नाबाईंनी कौतुकाने तिला लिंबाचं सरबतही पाजलं.

जत्रेत त्या वर्षी पहिलं बक्षीस आर्डिथबाईंना मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोल्वेगच्या दारावर टकटक झाली. बाहेर व्हर्नाबाई उभ्या होत्या. हातातला ट्रे दारातून सरळ आत येईना, म्हणून त्यांनी तो तिरका केला.

"घे गं," त्या गोड हसून म्हणाल्या, "जास्तीच्या झाल्या."