सेकंदाचा पाचवा भाग

रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता घड्याळजींनी ड्रमवर आयुष्यातला पहिला ठोका मारला, आणि तो उशिरा वाजला.

फार नाही, पापणी लवेपर्यंत. पण तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाच्या हे लक्षात न येणं शक्य नव्हतं. काठी रबराच्या पॅडवर पडली की आधी 'थप्' व्हायचं आणि मग हेडफोनमध्ये ड्रम 'धाड्' करायचा. घड्याळजींनी पॅडपासून लॅपटॉपपर्यंत गेलेल्या वायरकडे बघितलं. वायर चांगली लांब होती. एवढं अंतर कापायचं म्हणजे आवाजाला वेळ लागणारच, असा त्यांनी निकाल दिला.

इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट मुलीने पाठवलं होतं. बाबा जेवणाच्या टेबलावर, दुकानाच्या काउंटरवर, प्रसंगी आईच्या पाठीवरसुद्धा ताल धरतात, हे ती लहानपणापासून बघत आली होती. शिवाय निमित्तही होतं. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मेहुणा स्वतः रचलेलं गाणं गिटारवर म्हणणार होता आणि साथीला त्याला ड्रम हवे होते. त्याने गाणं रेकॉर्ड करून पाठवलं, मुलीने ते लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये चढवून दिलं. पडद्यावर वरच्या पट्टीत मामाचं गाणं, खालच्या पट्टीत बाबांचा ड्रम.

"हेडफोन लावूनच वाजवा हं," ती फोनवर म्हणाली होती, "म्हणजे आईला त्रास नाही."

उशिरा येणाऱ्या आवाजावर घड्याळजींकडे धंद्यातला उपाय तयार होता. घड्याळ मागे पडत असेल तर काटा पुढे सरकवायचा. त्यांनी हात पुढे सरकवला. ठोका जिथे हवा, त्याच्या सेकंदाचा पाचवा भाग आधी काठी टाकायची. तीन दिवस हातांनी कुरकुर केली. दोन महिन्यांत ते असे बसले की हेडफोनमधला ड्रम मेहुण्याच्या गिटारच्या गळ्यात गळा घालून चालू लागला. वाजवलेलं पुन्हा ऐकायची घड्याळजींना गरज वाटली नाही. एकदा दुरुस्त केलेलं घड्याळ ते परत उघडत नसत.

स्वयंपाकघरात मात्र ना ड्रम पोचायचा ना गिटार, पोचायची ती फक्त रबरावरची थपथप. बायकोने पहिला आठवडा दातओठ खाल्ले. दुसऱ्या आठवड्यापासून ती त्या थपथपीवर भाजी चिरू लागली, आणि महिन्याभरात तिच्यावरच भावाचं गाणं गुणगुणू लागली.

कार्यक्रमाच्या आधीच्या सोमवारी संध्याकाळी घड्याळजींनी रेकॉर्डिंग मेहुण्याला पाठवलं. अर्ध्या तासात मेहुणा दारात हजर.

"दाजी, कुठे निघालाय एवढ्या घाईने?"

"मी? मी आत्ता तर दुकानातून आलोय."

"गाण्यात हो! मी यायच्या आधी तुम्ही पोचलेले. प्रत्येक ओळीला!"

"तूच मागे पडत असशील."

"मी मागे? ताई, ऐकतेस का हे?"

"मला भांडणात ओढू नका," आतून आवाज आला. "मला तर बरोबर वाटतं."

"अरे, तुझ्या मनगटावरचं घड्याळ कोणी लावून दिलंय?" घड्याळजी म्हणाले. "आणि तू मला वेळ शिकवतोस?"

मेहुण्याने रेकॉर्डिंग लावलं. घड्याळजींनी एक ओळ ऐकली, दोन ऐकल्या. तिसऱ्या ओळीला त्यांनी चष्मा काढून पुसला.

"शनिवारपर्यंत जमलं तर ठीक," मेहुणा म्हणाला, "नाहीतर मी मोबाइलमधला तयार ताल लावतो. तो निदान माझं ऐकतो."

घड्याळजींचा चेहरा उतरला. वाचनालयाचे निम्मे सभासद त्यांचे गिऱ्हाईक होते. घड्याळजींना वेळ सांभाळता येईना म्हणून मोबाइल आणला, हे एकदा तोंडोतोंडी झालं की दुकानात घड्याळ कोण घेऊन येणार?

त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, वायर कसली? सेटिंग आहे ते! सॉफ्टवेअर आवाज थोडा साठवून मग कानात सोडतं, पण रेकॉर्डिंगमध्ये काठी पडली तोच क्षण नोंदवतं. ते साठवणं कमी करायचं असतं. दोन महिने बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, वस्तूच तशी असते."

तिने सांगितलं तसं त्यांनी सेटिंग बदललं. काठी पडताक्षणी ड्रम वाजू लागला आणि घड्याळजी सगळीकडे आधी पोचू लागले. आता तर हेडफोनमध्येसुद्धा. मंगळवार, बुधवार आणि गुरुवार मेहुणा समोर बसून "एक, दोन, तीन, चार!" असं ओरडत राहिला. हात ऐकेनात.

शुक्रवारी सकाळी दुकानात एका हट्टी गजराच्या घड्याळाशी झटताना घड्याळजींना उपाय सुचला. हात बदलत नाहीत ना? मग सेटिंग पुन्हा होतं तसं करायचं आणि लॅपटॉप स्टेजवर न्यायचा. आवाज उशिरा येईल, म्हणजेच वेळेवर येईल. संध्याकाळी स्पीकर लावून तालीम झाली. एकही ठोका इकडचा तिकडे नाही. मेहुण्याने त्यांना मिठी मारली आणि शाबासकी द्यायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. तीन दिवस आकडे ओरडून घसा पार बसला होता.

"आता गाणार कोण?" घड्याळजींनी विचारलं.

मेहुण्याने ताईकडे बोट दाखवलं.

"मी? अरे, मी गाते ती भाजी चिरताना!" बायको म्हणाली; पण तिने नाही असं काही म्हटलं नाही.

शनिवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वाचनालयाच्या सभागृहात तिघं स्टेजवर बसले. ध्वनिव्यवस्थेवाल्याने लॅपटॉप स्पीकरला जोडून दिला आणि जाता जाता घड्याळजींच्या कानाशी वाकला.

"काका, सेटिंग चुकलं होतं. आवाज उशिरा येत होता. नीट करून ठेवलंय."

घड्याळजींनी काही म्हणायच्या आत पडदा सरकला.

हातांना तेवढंच येत होतं. पहिला ठोका सेकंदाचा पाचवा भाग आधी पडला. घड्याळजींनी डोळे मिटून घेतले. पण बायको दोन महिने याच थपथपीवर गात आली होती. ती काठीबरोबर उठली, काठीबरोबर थांबली, काठीबरोबर वळली. दोघांमध्ये केसाइतकं अंतर नव्हतं. मागे राहिला तो मेहुणा. तो हट्टाने खऱ्या तालाला चिकटून होता आणि एकटाच प्रत्येक ओळीला उशिरा पोचत होता. तिसऱ्या ओळीपासून सभागृह टाळ्यांचा ठेका धरू लागलं, तेही घड्याळजींबरोबर.

कार्यक्रमानंतर वाचनालयाच्या अध्यक्षांनी घड्याळजींचा हात दाबला. "घड्याळजी म्हणजे घड्याळजी! आणि वहिनी, वा!" मग मेहुण्याच्या पाठीवर थोपटून ते म्हणाले, "होईल हळूहळू सवय. मनाला लावून घेऊ नका."

मेहुण्याने खुलाशासाठी तोंड उघडलं. बाहेर नुसती हवाच आली.

सोमवारी तो दुकानात आला, मनगटावरचं घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि चिठ्ठी पुढे सरकवली. 'दाजी, सगळेच म्हणताहेत. मागे पडतंय का, एकदा बघा.'

घड्याळजींनी घड्याळ उघडलं आणि दोन दिवस वेळ तपासायच्या यंत्राला लावून ठेवलं. सेकंदाचाही फरक नव्हता.

"काय सांगू त्याला?" बुधवारी बायकोने विचारलं. "रोज विचारतोय."

"तपासतोय म्हणून सांग."

पुढच्या शनिवार संध्याकाळपर्यंतची माहिती अशी, की मेहुण्याचा घसा सुटला आहे, पुढच्या कार्यक्रमाचं आमंत्रण तिघांनाही आलं आहे, आणि त्याचं घड्याळ अजून घड्याळजींच्या खणातच आहे.