कमलाकाकूंची भट्टी

ऐन डिसेंबरात, सारं वणी गाव शेकोटीला चिकटलेलं असताना, आमच्या घरमालकीण कमलाकाकू ओसरीवर बादलीत पाय सोडून बसत. डोक्यावर ओला पंचा. मधेच ओरडत, "भट्टी पेटली वो!" पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हापासून ही भट्टी अंगात होती. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे.

मी कोकणातली. आठवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि नवऱ्याच्या कोळशाच्या ट्रकमागून इथं आले. तो सदा फेऱ्यांवर, मी काकूंच्या मागच्या खोलीत एकटी. कापसाच्या कर्जानं माणसं मोडून टाकली होती त्या वर्षांत. कुठल्या घरातून कधी हंबरडा येईल, नेम नव्हता. अंधार पडला की मी उशीत तोंड खुपसून रडायची.

माझी आठवी काकूंना फार मोठी वाटे. "शिकेल पोट्टी हाय माह्या संग," असं दवाखान्यात सगळ्यांना ऐकवत त्या मला घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी बीपी, छाती, पोट तपासलं. पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का, घरात कुणाला कॅन्सर होता का, विचारलं. मग दोन औषधं दिली. सकाळी गोळी, झोपताना मऊ कॅप्सूल.

"सकाळची गोळी भट्टी विझवेल, पण गर्भपिशवीचं अस्तर वाढवेल. रात्रीची ते आवरते. नुसती सकाळची घ्यायची नाही. आणि अंगावरून थेंबभर जरी गेलं, तरी लगेच यायचं."

भट्टी विझली. बादली न्हाणीघरात गेली. आणि काही महिन्यांनी एका सकाळी काकू ओसरीच्या कोपऱ्यात चटई टाकून बसलेल्या.

"पाण्याच्या माठाले तूच हात लाव वं. मी बाहेरची झाली."

गल्लीतल्या बाया जमल्या. "काकू, आता बारसं कधी?"

"तुह्या सासऱ्याले विचार!" काकू नव्या नवरीसारख्या लाजल्या.

सगळ्या हसल्या. मी मात्र काकूंच्या चपला आणून पुढे ठेवल्या. "काकू, थेंबभर म्हणाल्या होत्या बाई. आत्ता चला."

"विटाळात दवाखाना? चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हातो, मंग जाऊ."

मी रडायलाच लागले. माझं रडणं पाहून काकू एकदम उठल्या, चपला घातल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. सोनोग्राफीत अस्तर जाडजूड दिसलं. आतला तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर आहे की नाही ते त्यावरून कळणार होतं.

"रात्रीची घेता ना?"

"घेतो त."

"ही?" बाईंनी टेबलावर कॅप्सूल ठेवली.

मी ती ओळखली. रोज संध्याकाळी दुधासोबत काकू मला द्यायच्या ती. "शक्तीची हाय, गीळ." आणि मला गाढ झोप लागायची.

मी तसं सांगितलं. बाई काकूंवर भडकल्या, "स्वतःचं औषध दुसऱ्याला देतं का कोणी?" मग मलाही तपासलं. मला काही झालं नव्हतं.

परतताना रिक्षात काकू माझ्याकडे वळल्या.

"काहून देल्ली ते इचारत नाईस?" त्या म्हणाल्या. "त्या रातच्या गोळीनं मले झोप ये. तू भिंतीपल्याड रडून राह्यली होतीस. तुह्या खोलीत आधी वंदना राहे. तिचा नवरा गेल्यावर अशीच रडे. एका रात्री मी म्हटलं, रडू दे, आपोआप झोपन. कूस बदलली अन् झोपली." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "सकाळी दार तोडा लागलं."

रिपोर्ट येईपर्यंत दोन्ही औषधं बंद होती. भट्टी पुन्हा पेटली, बादली पुन्हा ओसरीवर आली. काकू मात्र एकदाही ओरडल्या नाहीत.

रिपोर्टात कॅन्सर नव्हता. बाईंनी दोन्ही औषधं पुन्हा सुरू केली, तपासणीच्या तारखा ठरवून दिल्या आणि कॅप्सूल गिळलेली पाहायचं काम माझ्यावर टाकलं.

पहिल्या रात्री काकूंनी कॅप्सूल गिळली आणि जीभ बाहेर काढून दाखवली. मग माझी गादी उचलून आपल्या खाटेशेजारी आणून टाकली.

"आता मले झोप लागन," त्या म्हणाल्या. "रडू आलं त आधी मले हालवून उठवजो."